शेतावर राहायला पाठवण्याआधी: प्रौढ ऑटिस्टिक मुलांच्या मुंबईकर पालकांसाठी

बहुतेक घरांत क्रम असा असतो. आई किंवा वडिलांची अँजिओप्लास्टी होते, नाहीतर बाथरूममध्ये पडून खुबा मोडतो. मग घाईघाईत कर्जत, मुरबाड, पेणकडच्या शेतावरच्या निवासी संस्थांची चौकशी सुरू होते. एखाद्या रविवारी गाडी काढून हिरवीगार जागा बघून येतात, अनामत भरतात, आणि तिशीतल्या मुलाला बॅगेसकट तिथे सोडून अंधाराच्या आत मुंबईत परततात. दोन-तीन महिन्यांत मुलगा घरी. संस्था म्हणते, ‘ह्याला इथे जमत नाही’. घरचे म्हणतात, ‘जागाच वाईट होती’. पुष्कळदा यातलं काहीच खरं नसतं. कामं उलट्या क्रमाने झालेली असतात.

खालच्या क्रमात जागा पाहणं पाचव्या टप्प्यावर आहे, ते मुद्दाम. आधीची चार कामं घरी झाली नसतील तर चांगल्यातली चांगली जागाही उपयोगाची नाही. सगळं मिळून दीड-दोन वर्षं धरा, आणि म्हणूनच सुरुवात तुमचे हातपाय धड असताना करा. लिहिण्याच्या सोयीसाठी ‘मुलगा’ म्हटलंय. मुलीसाठी जिथे वेगळं पाहायला हवं तिथे तसं सांगितलंय.

शेतावर राहून ऑटिझम जात नाही, हेही आधीच सांगतो. शेताचा फायदा वेगळा आहे. काम रोज त्याच वेळी येतं, डोळ्यांना दिसतं, आणि झालं की झालेलं कळतं. गाईपुढे वैरण टाकली, ती खायला लागली. एक वाफा भरला, पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. तोंडी सूचना ज्याच्या डोक्यात टिकत नाहीत त्याला हे सोपं जातं. ज्या जागेत दिवसाला अशी घडी नाही, तिथली शेती नुसती शोभेची.

## टप्पा १: हे कोणाला हवंय ते बघा

गावच्या आठवणी वडिलांच्या असतात, चिखलात उभं राहायचं असतं मुलाला. ओली माती हाताला लागलेली त्याला चालते का? शेणाचा वास? पत्र्यावर कोसळणारा पाऊस? रात्रभर ओरडणारे बेडूक? मोकळे फिरणारे कुत्रे? हे कळायला कुठली चाचणी नको. नातेवाइकांकडे गावी दोन दिवस, एखाद्या रोपवाटिकेत एक सकाळ, जुलैमध्ये माळशेजच्या बाजूला भर पावसात एक दिवस, एवढं पुरतं.

बोलणाऱ्या मुलाला विचारायचंच, पण ‘तुला शेतावर राहायला आवडेल का?’ असं नाही. बऱ्याच मुलांचं ‘हो’ हे प्रश्न संपवण्यासाठी असतं. तिथे गेल्याचे फोटो समोर ठेवा आणि ‘परत कुठे जायचं?’ म्हणून निवडू द्या. आठवडाभराने फोटोंच्या जागा बदलून पुन्हा विचारा. न बोलणाऱ्याचं उत्तर वागण्यातून वाचायचं: दुसऱ्यांदा निघताना चप्पल आपणहून घातली का, परतताना गाडीकडे पळाला का, त्या रात्री झोप कशी लागली.

ज्याला लोकलची वेळापत्रकं पाठ आहेत आणि दादरच्या पुलावरच्या गर्दीतही जो रमतो, त्याच्यासाठी शेत म्हणजे शिक्षाच. त्याच्यासाठी शहरातलं छोटं गटघर शोधा, म्हणजे काही जण मदतनिसांसह एकत्र राहतात असं घर. इथेच थांबावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका. पुढचे टप्पे २, ३ आणि ४ तरीही लागू आहेत.

## टप्पा २: कागद

हे कंटाळवाणं आहे, पण संस्थेच्या दारात अडायचं नसेल तर आधीच उरका.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यात स्वतंत्रपणे आहे. पण आज तिशीत असलेल्या अनेकांची प्रमाणपत्रं लहानपणी ‘मतिमंद’ म्हणून निघालेली आहेत, किंवा त्यांची मुदत संपलेली आहे. ऑटिझमचं मोजमाप ‘आयसा’ या भारतीय मोजपट्टीवर होतं. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. आधार, पॅन आणि प्रमाणपत्र यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आत्ताच बघा.

पालकत्व. अठरा पूर्ण झाले की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत अडेपर्यंत हे अनेकांना माहीतच नसतं. ऑटिझमसह काही दिव्यांगत्वांसाठी केलेल्या राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्ह्याची स्थानिक स्तरीय समिती पालक नेमते. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत; डोंबिवली किंवा मुलुंड चेकनाक्यापलीकडे राहत असाल तर ठाणे. चुकीच्या कार्यालयात अर्ज देऊन महिने घालवणारे कमी नाहीत. नेमणुकीनंतर सहा महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. आणि प्रत्येकाला पालक लागतोच असं नाही. जो स्वतःचे निर्णय आधार मिळाल्यावर घेऊ शकतो, त्याच्यासाठी २०१६ च्या कायद्यातलं मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक निर्णय, ठरावीक काळ, आणि त्याच्याशी बोलून.

निरामय. राष्ट्रीय न्यासाची ही आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च देते आणि आधी वैद्यकीय तपासणी मागत नाही. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. विसरलात तर गरजेच्या वेळी ती उपयोगाला येत नाही.

पेन्शन. तुम्ही सरकारी नोकरीत होतात आणि जुन्या पेन्शनखाली येत असाल, तर दिव्यांग अपत्याला आई-वडिलांनंतर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव तुमच्या हयातीतच कार्यालयाच्या नोंदीत घालून ठेवा. मागाहून हे सिद्ध करत फिरायची वेळ भावंडांवर येते.

> थांबा. निवासी संस्थेलाच कायदेशीर पालक करू नका. कायद्यात तशी सोय आहे आणि काही ठिकाणी ती सुचवलीही जाते. पण ज्याला फी घ्यायची आणि ज्याने फीच्या बदल्यातली सेवा तपासायची, ते दोघे एकच असता कामा नयेत. बहीण, भाऊ, मावशी, कुणीही चालेल. मात्र संस्थेबाहेरचं माणूस हवं.

## टप्पा ३: ओळखवही

ओळखवही म्हणजे अनोळखी माणसाला तुमचा मुलगा समजावून सांगणारी वही. सगळ्यांत जास्त घरं इथे चुकतात. थेरपिस्टचे अहवाल, आयक्यूचे आकडे, इंग्रजीत टाइप केलेली वीस पानं फाइलला लावतात. रात्री दोन वाजता तुमचा मुलगा भिंतीवर डोकं आपटायला लागतो तेव्हा त्याच्याजवळ असते ती शेजारच्या वाडीतून कामाला आलेली ताई. तिला त्या वीस पानांचा उपयोग शून्य.

वही मराठीत, मोठ्या अक्षरात, जमल्यास हाताने लिहा. फार लांबवू नका. पंधरा मिनिटांत वाचून झाली पाहिजे. त्यात एवढं हवंच:

*त्याची भाषा.* तो कुठल्या शब्दाने, खुणेने, आवाजाने काय सांगतो. ‘गाडी’ म्हणजे घरी जायचंय. कानाला हात म्हणजे आवाज नको, कान दुखत नाही. टीव्हीतली जाहिरात म्हणायला लागला तर भूक लागलीय. हे तुम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की लिहायचं सुचत नाही. म्हणून घरात नेहमी न राहणाऱ्या कुणाला तरी, भाच्याला म्हणा, एक दिवस मुलाबरोबर बसवा आणि त्याला न कळलेलं सगळं टिपायला सांगा.

*दुखतं तेव्हा काय करतो.* दाढ दुखली, पोट साफ झालं नाही, ताप आला की वागण्यात काय बदलतं? पुष्कळ ऑटिस्टिक माणसं दुखणं सांगत नाहीत, काहींना ते उशिरा जाणवतं. अचानक आलेल्या ‘रागा’मागे कित्येकदा बद्धकोष्ठ किंवा कान असतो. हे लिहिलेलं नसेल तर त्याला शांत करायचं औषध दिलं जातं आणि कान तसाच राहतो.

*भडका उडण्याआधीच्या खुणा.* येरझाऱ्या, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, बोटं चावणं. आणि त्या वेळी करायचं काय: बोलणं थांबवा, दिवा कमी करा, अंगावर जड पांघरूण द्या, जवळ जाऊ नका. त्याच्या बाबतीत जे खरं असेल तेच.

*फिट.* ऑटिझमबरोबर अपस्मार असणं विरळा नाही. शेतावर विहीर, तळं, ट्रॅक्टर, चूल सगळंच असतं. शेवटची फिट कधी आली, किती वेळ टिकली, तेव्हा काय केलं, ते पहिल्याच पानावर लाल शाईने.

*औषधं.* नाव, मात्रा, वेळ, आणि चुकली तर काय. रिस्पेरिडोनसारखी काही औषधं घेणाऱ्यांना उन्हाचा त्रास लवकर होतो. तहान न सांगणारा माणूस, असं औषध आणि मे महिन्यातली दुपार, यातून काय होऊ शकतं ते डॉक्टरांना विचारून ठेवा. पाणी मागण्यावर सोडायचं नाही, घड्याळावर द्यायचं, असं वहीत लिहा.

*तोंडात घालायची सवय.* पानं, माती, बिया खात असेल तर स्पष्ट लिहा. एरंड, कण्हेर, धोतरा शेताच्या बांधावर सहज सापडतात.

वहीला मोबाइलवरचे आठ-दहा छोटे व्हिडिओ जोडा: तो जेवतो कसा, ब्रश कसा करतो, खूश असताना कसा दिसतो. शेवटचं विसरू नका. त्याला आनंदात कधी न पाहिलेल्या माणसाला तो उदास झालाय हे ओळखता येत नाही.

> तपासा. वही वाचून अनोळखी माणूस त्याच्याबरोबर चार तास काढू शकतो का? शेजाऱ्यांना किंवा पगारी मदतनिसाला वही देऊन तुम्ही बाहेर पडा. अडलं तिथे वही दुरुस्त करा.

## टप्पा ४: सराव घरातच

शेतीचं कौशल्य नंतर आलं तरी चालतं. मुलं परत येतात ती खुरपता येत नाही म्हणून नव्हे. ती परत येतात कारण एसीशिवाय झोप लागत नाही, बादलीने आंघोळ जमत नाही, भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही, आणि दुसऱ्याच्या हातचं वरण खाल्लं जात नाही.

म्हणून निदान सहा महिने हे करा. एका वेळी एकच बदल, तो रुळल्यावर पुढचा.

१. एसी बंद, पंखा चालू. मग आठवड्यातून एकदा पंखाही पंधरा मिनिटं बंद, हातात बॅटरी. तिकडे वीज जाते, पावसाळ्यात जास्तच.

२. मच्छरदाणीत झोपणं. काहींना ती कोंडल्यासारखी वाटते, काहींना उलट आवडते. यावर तडजोड नको, आणि कारण डासांपुरतं नाही. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा दंश दुखतही नाही. न बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. पलंग आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, दोन्ही हवंच.

३. जेवण. फक्त आईच्या हातची मऊ पोळी आणि ठरावीक कंपनीची बिस्किटं खाणारा मुलगा तिकडे पहिल्या पंधरवड्यात वजन घालवतो. आठवड्यातून दोनदा शेजारून, मावशीकडून, खानावळीतून डबा आणा. भात बदला. भाकरी आणा, तांदळाची आणि नाचणीची दोन्ही.

४. गमबूट, टोपी, रेनकोट. दुकानातून थेट शेतावर नेऊ नका. घरात टीव्ही बघताना पाच मिनिटं बूट, मग सोसायटीच्या आवारात, मग पावसात.

५. ‘आधी हे, मग ते’ अशी चित्रांची पट्टी. शाळेत असताना वापरली आणि मग सोडली, असं बहुतेक घरांत असतं. ती परत काढा, फोटो मोठ्या माणसाच्या दिवसाचे लावा. आणि त्यात ‘मला थांबायचंय’ हे कार्ड ठेवा. काम नाकारता न येणारा माणूस शेवटी काम देणाऱ्याला ढकलतो.

६. भाषा. मुंबईत अनेक मुलांशी थेरपीमुळे घरीसुद्धा इंग्रजी किंवा हिंदीतून बोललं गेलं. शेतावरची माणसं मराठीत बोलणार, तेही आपापल्या बोलीत. ‘वॉटर’ला सरावलेल्या कानाला ‘पानी पी रे’ नवं असतं. रोजच्या तीस-चाळीस गोष्टी त्याच चित्राबरोबर मराठीत म्हणायला आतापासून लागा.

शेतकामाची ओळख गॅलरीतही होते. पिशव्यांत माती भरणं, बी टोचणं, झारीने पाणी घालणं. यांत आरंभ आणि शेवट दोन्ही दिसतात, म्हणून सुरुवातीला हीच बरी. काम तोडून लिहा: पिशवी उघड, दोन ओंजळी माती, दाब, रांगेत ठेव. दहा झाल्या की संपलं. ‘जरा झाडांकडे बघ’ ही सूचना नव्हे.

मुलींसाठी पाळीचा सराव वेगळा. पॅड बदलणं, गुंडाळणं, कुठे टाकायचं, हे आईशिवाय दुसऱ्या बाईबरोबर निदान तीन-चार महिने व्हायला हवं. आणि मुलगा असो की मुलगी, आंघोळीच्या वेळी कोण हात लावू शकतं आणि कोण नाही, हे चित्रांतून शिकवायचं. तो विषय लाजेने टाळलेल्या घरांतली माणसं सर्वांत असुरक्षित असतात.

## टप्पा ५: आता जागा

बदलापूरजवळची ‘आधार’ किंवा पुणे जिल्ह्यात कोळवणचं ‘साधना व्हिलेज’ अशी जुनी नावं तुम्ही ऐकली असतील. दोन्हींचा मुख्य भर बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांवर आहे. आपल्याकडे केवळ ऑटिस्टिक प्रौढांसाठीच्या शेतावरच्या जागा थोड्या आहेत, त्यामुळे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न हा: ‘तुमच्याकडे ऑटिस्टिक किती जण आहेत, आणि त्यांचा दिवस बाकीच्यांपेक्षा कुठे वेगळा असतो?’ ‘आमच्याकडे सगळे सारखेच’ हे उत्तर ऐकायला प्रेमळ वाटतं, पण मला ते काळजीचं वाटतं.

एका भेटीवर ठरवू नका. तीन ऋतू बघा. डिसेंबरात सगळ्याच जागा सुंदर दिसतात. जुलैत कर्जत-पेण पट्ट्यात दिवसचे दिवस झोडपतो तेव्हा पंचवीस माणसं छपराखाली काय करत असतात? मे महिन्यात विहिरीला पाणी किती, आणि उन्हामुळे शेतकाम बंद असताना दुपार कशी जाते? रिकामी दुपार हा तिथला सर्वांत कठीण काळ असतो. भेटीची वेळही विचारपूर्वक निवडा. सकाळी अकराला पाहुण्यांसाठी सगळं टापटीप असतं. संध्याकाळी सहाला जा, कामगार घरी जायच्या वेळी. शक्य झालं तर रविवारी.

तिथे डोळ्यांनी बघायचं ते असं:

- विहिरीला आणि तळ्याला जाळी आहे का. निवासी पळून गेला तर कोण, कुठे शोधतं, हे चटकन सांगता येतं का.
- कीटकनाशकं आणि उंदराचं औषध कुलपात आहे का. कडबा कुट्टीचं यंत्र आणि विळे कुठे असतात.
- रात्री किती माणसं जागी असतात. ‘असतात’ आणि ‘जागी असतात’ यांत फरक आहे.
- सर्पदंशावरचं इंजेक्शन असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, आणि रात्री गाडी कोण चालवतं. घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही या भागात आहेत.
- भातखाचरात माणसं बूट घालून उतरतात का. पायाला जखम असताना अनवाणी चिखलात उतरणं म्हणजे लेप्टोला बोलावणं.
- बायकांच्या विभागात रात्री बाईच असते का.

मग बसून विचारायचं. काम करायला नकार दिला तर काय होतं? भाजी, अंडी, रोपं विकून आलेले पैसे कुठे जातात, राबणाऱ्याला काही मिळतं का? जो अर्धा तास काम करतो आणि उरलेला वेळ झाडाखाली डोलत बसतो, तो चालतो का? खोल्यांना बाहेरून कडी लावतात का, आणि कधी? गेल्या वर्षात किती कर्मचारी सोडून गेले? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण जागेबद्दल बोलतं, कारण ऑटिस्टिक माणसाला दर तीन महिन्यांनी नवा काळजीवाहक म्हणजे दर तीन महिन्यांनी नवं घर.

कागद मागायला संकोचू नका. २०१६ च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र नसताना दिव्यांगांसाठी संस्था चालवता येत नाही. सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब दाखवायला हवेत. ‘आमचं सगळं विश्वासावर चालतं’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

‘आपणच चार-पाच पालक मिळून उभारू’ असं प्रत्येक पालकगटात कधीतरी निघतं. वाईट विचार नाही, पण जमिनीचा क्रम चुकवू नका. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि न्यास काढला म्हणून तो शेतकरी होत नाही. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं आहे का बघा. कर्जत, शहापूर, मुरबाड, पालघरकडे आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर ती सरकारच्या मंजुरीविना हस्तांतरित होत नाही. माथेरानच्या पायथ्याशी बऱ्याच गावांत पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राचे निर्बंध आहेत. इसार देण्याआधी वकील, इसारानंतर नव्हे. आणि जमिनीपेक्षा मोठा प्रश्न माणसांचा. रात्रपाळीला कोण, हे ठरल्याशिवाय वीट लावू नका. परदेशातली उदाहरणं बघून हिशेब मांडणारेही भेटतात. ओहायोतलं ऑटिस्टिक प्रौढांसाठीचं बिटरस्वीट फार्म्स १९८३ पासून चालू आहे, पण अमेरिकेत अशा सेवांना सरकारी निधीचा आधार असतो. इथे बहुतेक भार घरांवर येतो.

## टप्पा ६: पैसा आणि करार

महिन्याची फी परवडते का, हा अपुरा हिशेब. तुम्ही दोघे गेल्यावर तीस वर्षं ती कोण भरणार? मुंबईतल्या घरांत याचं उत्तर बहुतेकदा फ्लॅट असतं, आणि तिथेच घोळ होतो. सोसायटीत नामनिर्देशन केलं म्हणजे घर त्याच्या नावावर झालं, असं नव्हे. नामनिर्देशित माणूस मालक होत नाही. मृत्युपत्र करा, नोंदवा, आणि फ्लॅट किंवा त्याचे पैसे थेट मुलाच्या नावावर ठेवण्याऐवजी त्याच्यासाठी खासगी न्यास करता येतो का, हे वकिलाला विचारा. विश्वस्त निदान दोन, त्यातला एक तुमच्याहून बराच तरुण.

अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी जुन्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळत आली आहे. नव्या करपद्धतीत ती नाही. सीएला विचारून पद्धत निवडा.

करारात ही कलमं शोधा आणि नसतील तर घालून घ्या: परत यायचं झालं तर अनामतीतलं काय, किती दिवसांत, फी दरवर्षी किती वाढू शकते, रुग्णालयाचा खर्च कोणाचा, औषध बदलायचा निर्णय कोणाचा, पूर्वसूचनेशिवाय भेटायला येता येईल का, संस्था बंद पडली तर किती महिने आधी सांगणार.

> थांबा. चाचणी-मुक्काम होईपर्यंत न परतणारी रक्कम देऊ नका. ‘जागा भरत आल्यात’ म्हणून घाई केली तरी नाही.

## टप्पा ७: पायरी पायरीने मुक्काम

सुरुवात जूनमध्ये करू नका. पाऊस, चिखल, किडे, वीज जाणं, नवी माणसं, सगळं एकाच वेळी अंगावर येतं. दिवाळीनंतर भातकापणी आटोपलेली असते, हवा बरी असते, भाजीचे वाफे आणि वालासारखी सोपी कामं असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. घरात नुकता कुणाचा मृत्यू झाला असेल, बहिणीचं लग्न असेल किंवा इमारत पुनर्विकासाला गेली असेल, तर तो मोसम सोडून पुढचा.

क्रम असा:

१. दिवसभर, तुमच्याबरोबर. एकच काम, एकच जागा, परत.
२. पुन्हा दिवसभर, तुम्ही त्याच आवारात पण नजरेआड.
३. एक रात्र, तुमच्याबरोबर.
४. दोन रात्री, तुम्ही जवळच्या गावात.
५. एक आठवडा.
६. एक महिना, मग घरी, मग सगळ्यांनी बसून निर्णय.

एका पायरीवर बिघडलं तर त्याच पायरीवर पुन्हा, किंवा एक खाली. वर उडी नाही.

प्रत्येक वेळी त्याच्या हातात कॅलेंडर द्या. घरी यायच्या दिवसावर घराचा फोटो. रोज एक खूण करायची. ठरलेल्या दिवशी काहीही झालं तरी पोहोचा, मग घाटात कोंडी असो की मेगाब्लॉक. एकदा तारीख चुकली की कॅलेंडरवरचा त्याचा विश्वास उडतो, आणि पुढे हाताशी दुसरं काही उरत नाही.

निघताना लपून निघू नका. ‘तो गाईकडे बघतोय तोवर सटकू’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो आणि हमखास नुकसान करतो. पुढे गाईकडे बघायचीच भीती बसते. निरोप छोटा, ठरलेल्या शब्दांत, रोजच्यासारखा. रडायचं असेल तर फाटकाबाहेर.

पहिलं काम कोणतं द्यायचं, ते तुम्ही सुचवा. तुम्ही त्याला ओळखता. रांगा लावणाऱ्याला रोपांच्या पिशव्या. ओझं उचलायला आवडणाऱ्याला शेणखताच्या पाट्या. मोजण्यात रमणाऱ्याला अंडी गोळा करणं. गर्दी नको असणाऱ्याला सकाळी सर्वांच्या आधी वैरण. लावणी आणि झोडणी यांत आवाज आणि घाई असते, ती पहिल्या वर्षी टाळा.

> तपासा. आठवड्याच्या मुक्कामानंतर तीन गोष्टी: वजन, झोप, अंगावरच्या खुणा. अंग नीट बघा. ओरखडे शेतात पडतातच. बोटांच्या आकाराचे वळ पडत नाहीत.

## टप्पा ८: पहिलं वर्ष

पहिले काही आठवडे मागे जाणं दिसेल. सुटलेली सवय परत येईल, अंथरूण ओलं होईल, जेवण कमी होईल. लगेच घरी आणू नका, पण आकड्यांत लक्ष ठेवा. संस्थेकडून रोज चार ओळींची नोंद मागा: किती खाल्लं, किती झोपला, शौचाला झाली का, काय काम केलं. ‘मजेत आहे’ ही नोंद नव्हे. फोन ठरलेल्या वेळी. काही मुलांना आवाज ऐकून उलट त्रास होतो, त्यांना फोटो पाठवा.

पहिले तीन महिने तिथल्या डॉक्टरांनी औषध वाढवायचं म्हटलं तर आधी कारण विचारा: दात, कान, पोट, झोप तपासलं का? खोलीतला जोडीदार बदलला का? औषध हे शेवटचं उत्तर.

न सांगता भेटायला जा, वेळ बदलून जा. शक्य असेल तर तुम्ही दोघेच नको. ज्या भावाला किंवा बहिणीला पुढे हे बघायचंय तिला आत्तापासून न्या. कर्मचाऱ्यांना तिचा चेहरा माहीत हवा, तिला त्यांची नावं. ओळखवही दर सहा महिन्यांनी नवी करा, आता तिथल्या ताई-दादांना विचारून; तुम्हाला माहीत नसलेल्या गोष्टी त्यांना कळलेल्या असतील.

परत आणायची वेळ कोणती? वजन सतत घटतंय, कारण न सांगता येणाऱ्या जखमा आहेत, एखाद्या विशिष्ट माणसाला किंवा खोलीला तो घाबरतो, भेटीला अडथळे आणले जातात. यातलं एक जरी असलं तरी ‘अजून थोडं बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी गाडी. नुसतं काम आवडत नसेल तर ते कारण नव्हे, काम बदला.

गणपतीला घरी आणायचा मोह सगळ्यांना होतो. पहिल्या वर्षी ढोल-ताशे आणि पाहुण्यांचा दिवस टाळून पुढच्या आठवड्यात आणा, तीन-चार दिवसांसाठी. येताना त्याची शेतावरची चित्रपट्टी बरोबर आणा, सकाळी उठायची वेळ तीच ठेवा. घरात काम नसेल तर गॅलरीतल्या कुंड्या आहेतच.

वर्ष होईपर्यंत घरातला त्याचा पलंग हलवू नका, खोली भाड्याने देऊ नका. करारात अनामत परत मिळण्याची मुदत असते, तिच्या महिनाभर आधी घरचे, ज्याची पालक म्हणून नेमणूक आहे तो, संस्थेतला रोजचा माणूस आणि स्वतः मुलगा, असे बसा. फोटो समोर ठेवा, नोंदी काढा, आणि तिन्हींपैकी एक ठरवा: राहू द्यायचं, परत आणायचं, की मुदत लेखी वाढवून घेऊन अजून एक पावसाळा बघायचा.